एम.एस्सी. रसायनशास्त्र झाल्यावर पीएच.डी. करायची आहे, पण घरून पैसे मिळणार नाहीत

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. ती एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, वडील सहा एकर कोरडवाहूचे कास्तकार, धाकटा भाऊ बारावीत. तिनं लिहिलं आहे: ‘पुढे पीएच.डी. करायची आहे, पण घरून पैसे मिळणार नाहीत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणत्या शिष्यवृत्त्या मिळतात आणि माझ्यासारखीनं सुरुवात कुठून करावी?’

बाळा, मी विदर्भातल्या तालुक्याच्या गावी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ‘घरून पैसे मिळणार नाहीत’ हे वाक्य दरवर्षी ऐकलं आणि त्यामागचा हिशेब मला पाठ आहे. पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षं फी, खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च, असं घरी धरलं जातं. वडील नाही म्हणतात ते त्या खर्चाला. म्हणून यादीच्या आधी एक गोष्ट सांगतो, ती तू आज घरीही सांग. रसायनशास्त्रात पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याला दरमहा पैसे मिळू शकतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचा आढावा होतो आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे एसआरएफ, मिळाली की ४२,०००. अशी एकूण पाच वर्षं. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. रसायनं, पुस्तकं, प्रवास यांसाठी सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडून वर्षाला २०,००० संस्थेकडे येतात. सहा एकरांतल्या कापूस-सोयाबीनमधून बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा करून वर्षाअखेर काय उरतं, ते तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्यासमोर हा आकडा ठेव.

हे पैसे मिळवायची मुख्य वाट सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा होते, रसायनशास्त्राचा पेपर ‘केमिकल सायन्सेस’ या नावानं असतो आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. खुल्या गटाला एम.एस्सी.त ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा, इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नसतो, म्हणून इंग्रजी प्रश्न भरभर वाचायची सवय आतापासून लाव.

या पेपरची रचना नीट समजून घे, कारण आपली मुलं इथेच घाबरतात. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, ३० गुण. त्यात रसायनशास्त्र नसतंच, साधं गणित, आलेख, तर्क असतो. भाग ब मध्ये ४० पैकी ३५, ७० गुण. भाग क मध्ये ६० प्रश्न, पण सोडवायचे फक्त २५, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रश्न सोडून द्यायची मुभा असलेला हा भाग निम्मे गुण देतो. ज्यांना सगळं थोडं थोडं येतं त्यांची इथे फसगत होते, कारण चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. पंचवीस प्रश्न ठामपणे येणारी मुलगी पुढे जाते. तुझं दुसऱ्या वर्षाचं स्पेशलायझेशन ऑरगॅनिक असेल तर ती शाखा पक्की कर, सोबत फिजिकल किंवा इनऑरगॅनिक यांतली एक तितकीच पक्की कर आणि तिसरीतले ठरावीक धडे घे. ग्रुप थिअरी आणि स्पेक्ट्रोस्कोपी मात्र कोणीही सोडू नये, त्या तिन्ही शाखांत कामी येतात. ऑरगॅनिकवाल्या मुली फिजिकलला हात लावत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. क्वांटमची भीती गणिताची असते, आणि ते गणित बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांच्या पलीकडे फारसं जात नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी आपल्याकडच्या मुलांची वर्षं वाया गेली आहेत. सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, ही नेट नव्हे. सेट पास झालीस तर सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र होतेस, अधिछात्रवृत्ती मिळत नाही. विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, पास झालीस तर पीएच.डी.ला प्रवेशाची वाट मोकळी होते, पैसे त्यातूनही येत नाहीत. नेटमध्येही आता तीन स्तर आहेत: जेआरएफसह, फक्त सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेशासाठी, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. पैसा पहिल्या स्तराबरोबर येतो. खालच्या दोन स्तरांचे गुण पीएच.डी. प्रवेशाला एक वर्ष चालतात. म्हणून कोणी ‘मी नेट पास आहे’ म्हणालं तर कोणत्या स्तरावर, ते विचारायचं.

नेटच्या जोडीला गेट ही राष्ट्रीय परीक्षा दे. त्याचा रसायनशास्त्राचा पेपर साधारण फेब्रुवारीत होतो, १०० गुणांचा, ६५ प्रश्नांचा, आणि गुणांक तीन वर्षं चालतो. आपल्याकडे गेट इंजिनिअरिंगवाल्यांची समजली जाते. पण आयआयटीत रसायनशास्त्राच्या पीएच.डी.ला गेटवर मुलाखतीला बोलावतात आणि निवड झाली की संस्थाच दरमहा पैसे देते. शिवाय प्राध्यापकांना सरकारी निधीतून जे संशोधन प्रकल्प मिळतात, त्यांत जेआरएफच्या जागा असतात. नेट किंवा गेट उत्तीर्ण उमेदवार तिथे थेट मुलाखतीला जाऊ शकतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत अशा जाहिराती निघत असतात. प्रकल्पातली जागा प्रकल्पाबरोबर संपते, हे मात्र जाताना डोक्यात असू दे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालयही एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या मुलांना घेतं. प्रशिक्षणात विद्यावेतन मिळतं आणि नंतर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नोकरी. ज्यांच्या घरी लवकर पगार हवा आहे, त्यांना मी हा मार्ग आवर्जून सुचवतो.

तू विद्यापीठात आपल्या विषयात पहिली आलीस तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप आहे. त्यासाठी नेट लागत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये वेगळं झाल्यापासून गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना त्यांच्या विद्यापीठाची स्वतंत्र गुणवत्ता यादी मिळते. तिकडच्या हुशार मुलांनी हे ध्यानात घ्यावं.

तू तुझा प्रवर्ग लिहिलेला नाहीस, म्हणून सगळं सांगतो. नेट-जेआरएफ हुकली तरी पीएच.डी.ला पैसे देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी मुलांसाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, वर्षाला ७५० जागा, आणि तिची निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर होते. मेळघाट, केळापूर, एटापल्लीकडच्या किती मुलांना हे माहीत आहे, हा प्रश्न मला छळतो. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असेल तर तिला सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वेगळी अधिछात्रवृत्ती आहे, तीही पीएच.डी.साठी. तुला भाऊ आहे, म्हणून ती तुझ्या कामाची नाही, मैत्रिणीला सांग.

या साऱ्यांत एक अट समान आहे: आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली हवी. आणि राज्याच्या जाहिराती ठरलेल्या महिन्यातच निघतील असं धरून चालू नकोस. त्यांच्या भरवशावर पाचही वर्षं आखू नयेत. पहिली पसंती नेट, ती झाली नाही तर हा आधार, असा क्रम ठेव.

आता आजचा खर्च. एम.एस्सी.च्या दोन वर्षांसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज केलास का? अनुसूचित जाती-जमातींना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. पापळच्या भाऊसाहेबांचं नाव त्या योजनेला आहे, ज्यांनी आपल्याकडच्या कास्तकारांच्या पोरांसाठी शाळा-वसतिगृहं उभी केली. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गासाठी आधार, अशा तीन योजना आहेत. याखेरीज यूजीसीची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ती पदवीच्या गुणांवर आहे, महिना १५,००० रुपये, वर्षात दहा महिने. बी.एस्सी.त चांगले गुण असतील तर पुढच्या वेळी जाहिरात उघडताच तपास. आणि भाऊ बारावीत आहे म्हणालीस. त्याला बोर्डात वरच्या एक टक्क्यात गुण मिळाले आणि तो बी.एस्सी.ला गेला, तर इन्स्पायरची वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती आहे, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे एवढं लांब लिहितो आहे, ती गोष्ट. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत गुण कमी पडल्यानं जितक्यांचं नुकसान झालं, त्याहून जास्त जणांचं कागदांमुळे झालं. एक मुलगा आठवतो. जेआरएफ झाला, बोलावणं आलं, आणि त्याच्याकडचा नॉन-क्रिमीलेअर दाखला राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, त्याच आर्थिक वर्षातला. तो आठ दिवस तहसिलीच्या पायऱ्यांवर बसून होता. घरी पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली आणि वेचणीला माणूस नाही. मिळाला शेवटी, पण त्याची ती आठ दिवसांची तगमग मी विसरलो नाही. तेव्हापासून मी एम.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात मुलांच्या फाइली मागून घ्यायला लागलो.

तुझी फाइल तू स्वतः तयार कर. जातीचा दाखला असेल, पण जात वैधता प्रमाणपत्र आहे का? नसेल तर पडताळणी समितीकडे आजच अर्ज कर, आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, कोतवाल पंजीची नक्कल, जुने महसुली कागद शोधायला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा. खुल्या गटात असशील आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढायचा असेल तर केंद्राच्या नियमात पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेलं घर बसत नाही, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. कोरडवाहू सहा एकर आणि बागायती सहा एकर त्या नियमाला सारखेच. हा नियम आपल्या भागावर अन्याय करणारा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण अर्ज भरताना तो आहे तसाच धरावा लागतो. सातबारा कोणाच्या नावावर किती आहे ते आधी बघ, मगच त्या दाखल्यामागे धाव.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. परीक्षेचा अर्ज आणि दाखले जुळत नाहीत तेव्हा अर्ज बाद होतो. दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे बाकी सगळं करून घे. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचार, कारण शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर न येता आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि घरात दोन-तीन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात. कमी कागदांवर उघडलेलं लहान खातं असेल तर त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. ते नियमित करून घे.

आणि अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल तुझा स्वतःचा दे. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकून भरलेले अर्ज मी शेकड्यानं पाहिले. ओटीपी त्याला जातो, त्रुटीचा निरोप त्याला जातो, आणि तो दुकान बदलतो. अर्ज भरला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या लॉगिनवर जातो आणि तिथून कोणीतरी पुढे पाठवावा लागतो. आठ दिवसांनी कार्यालयात जाऊन बाबूंना भेट, स्थिती बघ, पुन्हा आठ दिवसांनी जा. याला लाजू नये. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नकोस.

पहिला हप्ता यायला कधीकधी महिने जातात, हे घरी आधी सांगून ठेव. पीएच.डी.ला रुजू होताना तीन-चार महिन्यांची मेस आणि भाडं हाताशी असलं पाहिजे. त्यासाठी एम.एस्सी.च्या काळातली शिष्यवृत्ती खर्चून टाकू नकोस, त्यातलं थोडं बाजूला ठेव.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, तरी दोन वाक्यं. अमेरिकेत रसायनशास्त्राच्या पीएच.डी.साठी वेगळी शिष्यवृत्ती शोधत बसावं लागत नाही. प्रवेश देणारा विभागच सहसा फी माफ करून अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून विद्यावेतन देतो, आणि त्यासाठी तिथे जायच्या वर्षभर आधी अर्ज करावे लागतात. युरोपात इरॅस्मस मुंडससारख्या संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्त्या आहेत. या दोन्हीकडे प्रयोगशाळेतला खरा अनुभव विचारतात, आणि तो अनुभव तुला कसा मिळेल, ते आता सांगतो.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. निवड झाली तर उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञासोबत काम करायचं, विद्यावेतन मिळतं आणि प्रवासखर्चही. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. तू पहिल्या वर्षाला आहेस, म्हणजे हीच योग्य वेळ. एका शिक्षकाचं शिफारसपत्र आणि काय करायचं आहे यावर छोटं टिपण लागतं. या टिपणात आपली मुलं पुस्तकातून उतरवलेलं लिहितात, ‘मला नॅनो पदार्थांत रस आहे’ वगैरे. निवडणाऱ्यांनी तसं हजार वेळा वाचलेलं असतं.

तू तुझ्या गावाचं पाणी लिही. यवतमाळ-चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्याजोगं धरत नाहीत, लेकरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात. तुझ्या शेजारच्या घरात हे तू पाहिलेलं असेल. तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरीनं विकसित केली, आपल्यापासून तीन-चार तासांच्या एसटी प्रवासावर. अकोला-बुलढाण्याची मुलगी असती तर मी तिला खारपाणपट्टा लिहायला सांगितला असता, मेहकरकडची असती तर लोणारचं अल्कधर्मी सरोवर, भंडाऱ्याची असती तर मँगनीज. ही रसायनं आपल्या अंगणात आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या मुलीला ती पुस्तकातून शिकावी लागतात.

म्हणून येत्या रविवारी एवढंच कर. तुझ्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत किती बोअर आहेत, कोणाचं पाणी लोक पितात, कोणाचं फक्त गुरांना पाजतात आणि का, हे वहीत लिहून काढ. आधी मराठीतच लिही, आईला वाचून दाखव, तिला चुकीचं वाटेल ते दुरुस्त कर. मग त्याचं इंग्रजी करून तुझ्या सरांकडे शिफारसपत्रासाठी जा, वही सोबत ने. कॉलेजात फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड नसेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुने कसे द्यायचे, ते सरांनाच विचार. नमुन्याची बाटली प्लास्टिकची घे, काचेची नको, फ्लोराइड काचेला लागतं.